टॅबलेटचा पसंतीपूर्व मुक्काम

चिंचवेढ्यात टॅबलेट विकत घेता येत नाही. टॅबलेट आठ दिवस घरी मुक्कामाला येतो, माणसं बघतो, आणि नवव्या दिवशी सकाळी दहाच्या आत लेखी कळवतो की हे घर त्याला घेण्याजोगं वाटलं की नाही. बाकीच्या गावांत काय पद्धत आहे याची चिंचवेढ्यात कुणी चौकशी केलेली नाही.

मोहोळकरांकडे टॅबलेट आला तो सोमवारी सकाळी साडेनऊला. बाजारपेठेतले गुळवेशेठ स्वतः त्याला स्कूटरवर घेऊन आले, कारण पहिल्या भेटीला दुकानदाराने हजर राहायचं असतं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, खोका टेबलावर ठेवला आणि नमुना ‘ब’च्या दोन प्रती पुढे केल्या.

“सही कुणाची?”

“माझी,” शलाका म्हणाली आणि वाचायच्या आधीच सही करून मोकळी झाली.

शलाका चोवीस वर्षांची होती, वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती, आणि आठ दिवसांनी मिळणारी कुठलीही गोष्ट तिला आजच हवी असायची. या वेळी तसं कारणही होतं. नगरपरिषदेने स्टेशन रोड रुंद करायचा ठराव केला होता. त्या रस्त्यावर चिंचेची त्रेपन्न झाडं होती आणि ठरावात त्यांचा उल्लेख ‘इतर अडथळे’ असा होता. शलाकाने तो ठराव उभ्यानेच वाचला होता आणि वाचून झाल्यावरही अर्धा तास बसली नव्हती. हरकतींवर सुनावणी होती पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला. हरकतीसोबत प्रत्येक झाडाचा फोटो जोडायचा, त्यावर जागेची आणि वेळेची नोंद हवी, आणि फोटो हरकतदाराच्या स्वतःच्या साधनातून काढलेला हवा, असा नियम होता. शलाकाचं स्वतःचं साधन, म्हणजे तिचा फोन, तीन आठवड्यांपूर्वी एका चिंचेवरून थेट कालव्यात पडला होता. तेव्हापासून तो तांदळाच्या डब्यात होता. आई रोज वरून तांदूळ काढायची आणि फोन खाली खाली जात होता.

नववा दिवस मंगळवारीच येत होता. टॅबलेटने दहाला होकार दिला तर हातात पाच तास. नकार दिला तर त्रेपन्न अडथळे.

“उघडा आता,” गुळवेशेठ म्हणाले.

“थांबा,” अण्णा म्हणाले. “आधी ओवाळू दे.”

अण्णा म्हणजे शलाकाचे वडील, दत्तात्रय मोहोळकर. तालुक्याच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. एकतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातला एकही कागद हरवला नव्हता. कुणाला मिळालाही नव्हता, असं आई म्हणायची. घरही त्यांनी त्याच शिस्तीत ठेवलं होतं. सोफ्यावर सोफा आणला त्या दिवशीचं प्लास्टिक होतं. उन्हाळ्यात त्यावरून उठताना फर्र असा आवाज व्हायचा आणि पाहुणे उगाच इकडेतिकडे बघायचे. टीव्हीचा रिमोट पारदर्शक पिशवीत होता, पिशवीला रबर होतं. फ्रिजच्या दारावर दुकानातलं स्टिकर होतं. शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप आणि सहा बशा होत्या. शलाका जन्मली त्या वर्षी तो सेट चांगल्या पाहुण्यांसाठी म्हणून आणला होता. चोवीस वर्षांत तेवढा चांगला पाहुणा आलेला नव्हता.

आईने टॅबलेटला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं.

“आभारी आहे,” टॅबलेट म्हणाला. आवाज स्वच्छ होता, आणि जरा सरकारी. “कुंकू कॅमेऱ्यावर पडलं आहे. पुसायची घाई नाही.”

गुळवेशेठनी पेनाचं टोपण काढलं. “आता पहिली छाप. दोन्ही बाजूंची लागते. ग्राहकाची आधी.”

“हलका आहे हो,” आई म्हणाली. “माझा पोळपाट याच्या दुप्पट भरेल.”

“फारच पातळ,” अण्णा म्हणाले. “आत काही आहे ना?”

शलाकाने टॅबलेट आपल्याकडे ओढला, पेन्सिल फिरवून एक पान काढलं, आवाज वरखाली केला, चार गोष्टी उघडल्या आणि चारही बंद केल्या. “पेन्सिल मस्त चालते. वेग आहे. पण स्क्रीन धुरकट आहे, शेठ. एवढा महागाचा टॅबलेट आणि त्यातून बघायचं म्हणजे गॅसवर दूध उतू गेल्यावर स्वयंपाकघरात बघावं तसं. घेण्याजोगा आहे का हा, मलाच शंका आहे. पण मला दुसरा बघायला वेळ नाही.”

“आणि हा निळा बाण कसला गं कोपऱ्यात?” आईने विचारलं.

“कंपनीचा असेल,” अण्णा म्हणाले. “असू दे. नखं लावू नका त्याला.”

गुळवेशेठ बाणाकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. पहिल्या छापेत दुकानदाराने बोलायचं नसतं. त्यांनी लिहिलं: वजन, हलका, गृहिणी. जाडी, संशयास्पद, गृहप्रमुख. स्क्रीन, धुरकट, कन्या.

“आणि आपली छाप?” त्यांनी टॅबलेटला विचारलं.

“राखून ठेवतो,” टॅबलेट म्हणाला. “माझी राहण्याची सोय कुठे आहे?”

“कपाटात,” अण्णा अभिमानाने म्हणाले. “लोखंडी आहे. वरचा कप्पा तुमच्यासाठी रिकामा केलाय. खाली मऊ टॉवेल, वर पिशवी, डांबराच्या दोन गोळ्या. किल्ली फक्त माझ्याकडे.”

“नोंद घेतली,” टॅबलेट म्हणाला.

पहिल्या तीन दिवसांत शलाका आणि टॅबलेट यांचं जमलं नाही. अण्णा दुपारी चारला कपाट उघडून त्याला अर्धा तास बाहेर काढायचे आणि शलाका त्या अर्ध्या तासात त्याच्याकडून आठवड्याचं काम मागायची. पहिल्याच दिवशी त्याने तिच्यापुढे शेहेचाळीस पानांच्या अटी ठेवल्या. तिने तळाला जाऊन ‘मान्य’ दाबलं.

“वाचल्यात?”

“हो.”

“कलम एकोणीस काय आहे?”

“हे बघ, तिकडे झाडं तुटायला निघालीत आणि तू माझी तोंडी परीक्षा घेतोस?”

“आपण मला ‘तू’ म्हणालात. हरकत नाही, फक्त नोंद घेतो. कलम एकोणीस असं आहे की घरातल्या इतर वस्तूंकडे चौकशी करण्याचा मला अधिकार आहे. आता मला कृपया फ्रिजजवळ ठेवा.”

चौकशीला प्रत्येक वस्तूजवळ दहा मिनिटं लागायची. जबाब लेखी व्हायचे आणि त्यांची एक प्रत घराला मिळायची. बुधवारी संध्याकाळी आई त्या प्रती मोठ्याने वाचायला बसली. अंगणवाडीत वीस वर्षं मुलांना वाचून दाखवल्यामुळे तिचं वाचन खणखणीत होतं.

“फ्रिजचा जबाब. ‘तक्रार नाही. वागणूक उत्तम. अंगावरचं स्टिकर आहे तसं आहे. त्याखाली माझा रंग कोणता हे मला माहीत नाही.’” तिने पान उलटलं. “मिक्सरचा. ‘मला वर्षातून दिवाळीलाच काढतात. बाकी काम पाट्यावर होतं. पाट्याची तब्येत आता बरी नसते.’ अहो, हे खरं आहे हं. रिमोटचा. ‘मला बटणं आहेत असं ऐकून आहे. आजवरचा सगळा स्पर्श पिशवीवरून.’”

“काय वाईट आहे यात?” अण्णा म्हणाले. “सगळे धडधाकट आहेत. पाठारे डॉक्टरांकडे बघा. तिसऱ्या दिवशी नकार देऊन गेला टॅबलेट. का, तर चारही माणसं जेवताना त्याच्याकडेच बघत बसायची, त्याला एकट्याला वेळच नाही. आपल्याकडे त्याला किती शांतता आहे!”

“अण्णा, तो कपाटात आहे!”

“तेच म्हणतोय मी.”

“आणि हा शेवटचा,” आई म्हणाली. “तांदळातल्या फोनचा. ‘शलाका यांनी मला एकूण एकोणीस वेळा पाडलं. पैकी एका दिवशी तीनदा. चार्जिंग वेळेवर कधीच नाही. मी त्यांच्याबरोबर सात डोंगर, दोन मोर्चे आणि एक घुबडाचं घरटं पाहिलं. सध्या तांदळात बरा आहे.’”

शलाकाला घुबडाचं घरटं आठवलं आणि ती म्हणाली, “मी नापास.”

“सांगता येत नाही,” टॅबलेट कपाटातून म्हणाला.

शुक्रवारी चारला अण्णांनी कपाट उघडलं, टॅबलेट टेबलावर ठेवला आणि ते दाढी करायला आत गेले. परत आले तेव्हा टेबलावर नुसता टॉवेल होता.

“अहो, ऐकलंत का,” आई ओट्याजवळून म्हणाली, “ती त्याला घेऊन स्टेशन रोडला गेली. माझी मोजपट्टीही नेलीय, ब्लाउजची.”

अण्णा अर्ध्या दाढीनिशी बाहेर पडले. जाताना छत्री घ्यायला ते विसरले नाहीत.

स्टेशन रोडवर शलाका चौथ्या झाडाला मिठी मारून उभी होती. झाडाचा घेर पट्टीपेक्षा मोठा होता आणि पट्टीचं दुसरं टोक पलीकडे लोंबत होतं. टॅबलेट एका मुळावर टेकवलेला होता. त्याच्यावर ऊन पडलं होतं, आणि एक मुंगळा.

“अगं धूळ! ऊन! मुंगळा!” अण्णा ओरडले आणि त्यांनी टॅबलेटवर छत्री धरली.

“ओरडू नका. हे फोटो तसेही कामाचे नाहीत. होकार मिळेपर्यंतचे फोटो दुकानाच्या मालकीचे धरतात. मी फक्त बघतेय किती वेळ लागतो. या चालीने चार झाडांना एक तास! त्रेपन्नला किती होतात?”

“सव्वातेरा तास,” टॅबलेट छत्रीखालून म्हणाला.

“आणि माझ्याकडे आहेत पाच.” तिने पट्टी सोडून दिली. “जाऊ दे. त्यांनी ‘अडथळे’ लिहिलंय ना, मग राहू देत अडथळेच.”

अण्णांनी मुळाशेजारी पडलेला कागद उचलला. शलाकाने त्यावर लिहिलं होतं: मोठं झाड. त्याच्या पुढचं झाड. वाकडं झाड. पानपट्टीसमोरचं, सुंदर.

अण्णांनी तो दोनदा वाचला. एकतीस वर्षांत इतका वाईट कागद त्यांच्या हातात आला नव्हता.

“याला नोंद म्हणतात?” ते म्हणाले. “वाकडं झाड! उद्या कुणी म्हणेल वाकडं कुठलं, तर काय दाखवशील? आधी क्रमांक. स्टेशनच्या बाजूने सुरुवात, डावी रांग विषम, उजवी सम. क्रमांक चुन्याने खोडावर. घेर छातीच्या उंचीवर, दोरीने, आणि दोरी पट्टीवर. घेर आज, उद्या, परवा घेऊन ठेवायचा. मंगळवारी फक्त फोटो.”

शलाका त्यांच्याकडे बघत राहिली. “अण्णा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस कधी? तुझं आपलं, उठली की निघाली. ही छत्री धर. डोक्यावर नाही, त्याच्यावर.”

शनिवारी आणि रविवारी मिळून त्यांनी त्रेपन्न खोडांवर क्रमांक टाकले आणि घेर मोजले. अण्णांनी लाल कापडी पुठ्ठ्याची रजिस्टर वही काढली. ती त्यांनी निवृत्तीच्या दिवशी आणली होती आणि चांगल्या कामासाठी कोरी ठेवली होती. पानपट्टीवाल्याने विचारलं, “काय अण्णा, झाडांना नंबर? मतदान आहे काय?” अण्णा म्हणाले, “नाही, मतदार यादी.” ते असं काही बोलू शकतात हे शलाकाला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी, सोमवारी, टॅबलेटने कारणे दाखवा नोटीस दिली. ती चहाच्या वेळेला स्क्रीनवर आली आणि तिघांनी मिळून, धुरकटपणातून डोळे बारीक करून ती वाचली.

‘मुक्कामात असं आढळून आलं की, एक: श्री. मोहोळकर यांच्या ताब्यात मी अडतीस वर्षं टिकेन आणि त्यांपैकी एकोणीस दिवस वापरला जाईन. दोन: कु. शलाका यांच्या ताब्यात मी रोज वापरला जाईन आणि चौदा महिने टिकेन. दोन्ही परिस्थितींत मी हे घर का पसंत करावं, याचा खुलासा सायंकाळी सहापर्यंत सादर करावा.’

अण्णांनी चार पानी खुलासा लिहिला. त्यात ‘सबब’ हा शब्द अकरा वेळा होता, आणि गादीवाल्या पाकिटाची आणि पाकिटावरच्या पाकिटाची हमी होती. शलाकाने पाऊण तास पेन चावलं. तिने लिहिलेली पहिली तीन पानं नगरपरिषदेबद्दल होती, ती तिने फाडली. शेवटी उरलं ते एवढंच: ‘मी तुला पाडीन. मुद्दाम नाही. पण ज्या दिवशी पाडीन त्या दिवशी आपण कुठेतरी गेलेलो असू. उद्या तीनच्या आत त्रेपन्न झाडं आहेत. अण्णांना क्रमांक माहीत आहेत.’

आईला कुणी खुलासा मागितला नव्हता. तरी तिने एका ओळीत लिहिला: ‘दोघं असेच आहेत. मी चोवीस वर्षं बघतेय. तो बाण मात्र मला पहिल्यापासून खटकतो.’

मंगळवारी सकाळी साडेनऊला गुळवेशेठ आले. नियमाप्रमाणे त्यांनी रिकामा खोकाही आणला होता. तो त्यांनी शक्यतो सोफ्यामागे लपवला, पण खोका मोठा होता.

शलाकाच्या पायात बूट होते. छत्री, वही, पाण्याची बाटली दाराशी होती. अण्णांनी कपाटातून टॅबलेट आणला, पिशवीतून काढला, टॉवेलवर ठेवला. घड्याळात नऊ चाळीस.

“अहवाल,” टॅबलेट म्हणाला. “मुक्काम आठ दिवस. जेवण, अर्थात चार्जिंग, वेळेवर. बोलणं मोकळं. भांडणं रोज, पण रास्त विषयांवर. खुलासे तीन, पैकी एक न मागता. सर्व बाबींचा विचार करता निर्णय असा की, या घराबाबत अभिप्राय देता येत नाही.”

“देता येत नाही म्हणजे?” शलाका उभी राहिली. “हो म्हण, नाही म्हण! देता येत नाही हे काय उत्तर आहे? तूसुद्धा नगरपरिषदच निघालास!”

“पहिली छाप दोन्ही बाजूंची लागते. माझी तयार आहे. आपली झालेलीच नाही. या घरात आठ दिवसांत मला कुणीही पाहिलेलं नाही.”

“आठ दिवस डोळे फाडून बघतोय तुझ्याकडे!”

“माझ्याकडे नाही,” टॅबलेट म्हणाला. “याहून अधिक मला सांगता येत नाही. कलम बावीस.”

“कलम बावीस काय आहे?” अण्णांनी विचारलं.

शलाकाने पहिल्यांदाच अटी उघडल्या आणि वाचल्या. “‘साधनाने आपल्या अंगावरचं आवरण काढण्याची मागणी स्वतः करू नये. तो दबाव समजला जाईल.’” ती थांबली. “कसलं आवरण? पिशवी तर काढली.”

गुळवेशेठ छताकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

आई पुढे आली. तिने चष्मा वर केला आणि नाक स्क्रीनला लावलं. “अगंबाई,” ती म्हणाली. “अहो, हा बाण कंपनीचा नाही. हा इथून सोला म्हणून दाखवलाय. वर आख्खा कागद आहे हो, पातळ!”

आठ दिवस ते धुरकट टॅबलेट बघत होते. शलाकाला घाई होती म्हणून तिने नीट बघितलं नव्हतं, आणि अण्णांनी बघितलं होतं म्हणून ‘असू दे’ म्हटलं होतं.

शलाकाचं नख बाणाकडे झेपावलं.

“आपण नाही,” टॅबलेट म्हणाला. “ज्यांनी ‘असू दे’ म्हटलं, त्यांनी. तशी नोंद आहे.”

अण्णा टेबलाजवळ आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. “नवं आहे ते,” ते हळूच म्हणाले. “एकदा काढलं की पुन्हा नवं होत नाही.”

नऊ त्रेपन्न झाले होते. शलाकाच्या तोंडाशी आठ दिवसांचं सगळं आलं होतं: झाडं, फ्रिज, रिमोट, कपाट, डांबराच्या गोळ्या. ते तिने गिळलं. तिने बुटातली पायाची बोटं आवळली, हात मागे बांधले, थेट अण्णांसारखे, आणि ती थांबली. असं तिने याआधी कधी केलं नव्हतं. आईने ते पाहिलं.

नऊ पंचावन्नला अण्णांनी खुर्ची ओढली. फेरफाराची जुनी, एकमेकींना चिकटलेली पानं सुटी करताना ते करत तसं त्यांनी बोटाला किंचित ओल लावली आणि बाणाचा कोपरा उचलला. कागद निघू लागला. त्याचा बारीक, लांब, फारच समाधानकारक आवाज झाला. गुळवेशेठनी श्वास सोडला.

“अगंबाई,” आई म्हणाली, “हिरवा असा असतो होय!”

अण्णा कितीतरी वेळ बघत राहिले; घड्याळाप्रमाणे अर्धं मिनिट. “गुळवेशेठ,” ते म्हणाले, “स्क्रीन धुरकट नाही. नोंद दुरुस्त करा. खोडून वर लघुसही घ्या, खाडाखोड चालत नाही.”

गुळवेशेठनी खोडलं, शलाकाने लघुसही केली. यावेळी आधी वाचून. नऊ अठ्ठावन्न.

“पसंत,” टॅबलेट म्हणाला. “आता निघावं. क्रमांक एकवर ऊन साडेदहापर्यंतच बरं असतं.”

अण्णांनी सोललेल्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. एका दिवसात सगळं होत नसतं, असं आई गुळवेशेठना म्हणाली.

दहा वाजून चार मिनिटांनी शलाकाने क्रमांक एकचा फोटो काढला. अण्णा पुढे जाऊन क्रमांक पुकारायचे, शलाका फोटो काढायची, टॅबलेट जागा आणि वेळ मोठ्याने सांगायचा आणि अण्णा वहीत खूण करायचे. छत्री आणली होती, पण धरायला हात उरला नव्हता. पानपट्टीसमोरच्या झाडाला शलाकाने दोन मिनिटं जास्त दिली, आणि अण्णांनी ती दिलेली बघून न बघितल्यासारखं केलं.

एकतिसाव्या झाडाशी, मागे सरकताना, तिची टाच मुळात अडकली. टॅबलेट हातातून उडाला, खोडावर आपटला आणि पाचोळ्यात उपडा पडला.

रस्त्यावरची एक रिक्षासुद्धा हळू झाली. शलाकाने तो उचलून उलटा केला. वरच्या कोपऱ्यात, जिथे बाण होता तिथेच, नखाएवढा ओरखडा होता.

“अण्णा,” ती म्हणाली.

अण्णांनी वाकून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. मग वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘क्र. ३१. ओरखडा, एक.’

“दुखलं का?” त्यांनी टॅबलेटला विचारलं.

“नाही. आपण कुठेतरी आलो आहोत, असं दिसतं.”

“बत्तीस,” अण्णांनी पुकारलं.

दोन सदतीसला त्रेपन्नावं झाड झालं. दोन पन्नासला शलाका, अण्णा आणि टॅबलेट नगरपरिषदेत पोचले. कारकून मॅडमनी फोटो एकेक करून पाहिले आणि विचारलं, “साधन तुमचंच कशावरून?”

“मी यांचा,” टॅबलेट म्हणाला. “आज सकाळी नऊ अठ्ठावन्नपासून. ओरखडाही यांचाच आहे.”

मॅडमनी ओरखडा पाहिला, वहीतली नोंद ताडून पाहिली आणि शिक्का मारला. सुनावणीला शलाका बोलली ती सात मिनिटं. तिच्या मते फार कमी, ऐकणाऱ्यांच्या मते पुरेशी. त्यानंतर अण्णांनी फक्त लाल वही पुढे सरकवली. अध्यक्षांनी ती चाळली, आणि एवढी नीट नोंद समोर असताना ‘इतर अडथळे’ हे शब्द ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांना ठरावातून ते खोडून ‘चिंच, क्र. १ ते ५३’ असं लिहावं लागलं.

“पण रस्त्याचं काय झालं?” बाहेर आल्यावर शलाका म्हणाली. “झाडं वाचली की नाही? काहीच ठरलं नाही!”

“ठरलं की,” अण्णा म्हणाले. “झाडं दप्तरी आली. दप्तरी आलेली गोष्ट दप्तरातून काढल्याशिवाय तोडता येत नाही. आणि दप्तरातून काढायला काय लागतं, ते मला विचार. मी एकतीस वर्षं तिथे होतो.” ते हसले. इतकं की त्यांना छत्री टेकून उभं राहावं लागलं.

बुधवारी सकाळी शलाका उठली तेव्हा टॅबलेट टेबलावर होता, उघडा, आणि त्याच्यासमोर अण्णा बसले होते. त्याच्यावर रात्रीतून तीन अर्ज आले होते. रिमोटचा अर्ज बटणांबाबत होता. फ्रिजने स्टिकरखालचा आपला रंग जाणून घेण्याची परवानगी मागितली होती. तिसरा अर्ज शोकेसमधून आला होता, सहा कप आणि सहा बशा यांच्या सह्यांनी. विषय: वापराबाबत.

अण्णांनी लाल वहीचं नवं पान उघडलं आणि तिन्ही अर्जांना क्रमांक दिले. पहिल्या दोन अर्जांवर त्यांनी ‘अहवाल मागवावा’ असा शेरा मारला. तिसरा अर्ज ते बराच वेळ वाचत बसले. शलाका शेजारी उभी होती. तिने घड्याळाकडे बघितलं नाही.

मग अण्णांनी त्यावर ‘मंजूर’ लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि शोकेसची किल्ली शोधायला उठले.

“अहो, कोण येतंय?” आईने आतून विचारलं.

“कुणी नाही,” अण्णा म्हणाले. “आपण चौघंच. चार कप चहा टाक.”